आज अप्पांनी मला उठवलं

मंडळी, आज सकाळी तमिळनाडूत कुंभकोणमला आमच्या घरी जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

चार महिन्यांपूर्वी माझ्या वडिलांना, अप्पांना, अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. थेरपिस्टबाई तमिळमध्ये म्हणाल्या, "घरी जी भाषा बोलता तिच्यातच रोज अर्धा तास सराव घ्या. एकही दिवस चुकवू नका." म्हणून रोज पहाटे साडेपाचला कॉफी झाली की मी आमच्या तंजावरी मराठीत, म्हणजे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांच्या बोलीत, एकेक शब्द म्हणायचे आणि अप्पा ओठ हलवायचे. आवाज यायचा, पण शब्द काही फुटायचा नाही.

काल माझा धीर सुटला. "आता पुरे," असं आईला सांगून मी अलार्म न लावताच झोपले.

आज पहाटे कुणीतरी माझा खांदा हलवला. डोळे उघडले तर अप्पा काठी टेकून उभे. बराच वेळ ओठ जुळवत राहिले, मग म्हणाले, "ऊठ. वेळ झाली."

आई स्वयंपाकघरातून धावत आली. मी पोटभर रडले, खूप हलकं वाटलं. मग आम्ही सरावाला बसलो, पंधरा मिनिटं उशिरा.

तुम्ही सोडायला निघालेला एखादा नेम दुसऱ्या कुणी तुमच्यासाठी धरून ठेवलाय का कधी?