झोपाळ्याचा हुक

बिल्डरने माझ्या बहिणीला फसवलं आणि बहिणीच्या नवऱ्याने मला. पहिल्याचं मला नवल नाही. समोरचा फसवणार हे धरूनच मी व्यवहाराला बसतो. दुसऱ्याचं मात्र अजून पचलेलं नाही.

नालासोपाऱ्यात तुळिंजला माझं झोपाळ्यांचं दुकान आहे. सागवानी पाट, पितळी साखळ्या, कड्या. चांदीप गावाहून सायकलवर भंगार गोळा करत आलो, त्यातच पितळ ओळखायला शिकलो, आणि शेवटी स्वतःची पाटी लावली. माझा आवाज लवकर चढतो असं बाजारात म्हणतात. चढतो.

ताईचा फ्लॅट मीच ठरवला. नव्वदच्या दशकाचा शेवट होता, नालासोपाऱ्यात दिसेल तिथे इमारत उभी राहत होती. भाऊजी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. त्यांना घासाघीस करायची लाज वाटायची, ते बिल्डरच्या ऑफिसात चहाच्या कपाकडे बघत बसले. दर खाली येईना तेव्हा मी म्हटलं, "मग हॉलमध्ये झोपाळ्याचे दोन हुक द्यायचे. स्लॅब भरायच्या आधी, आतल्या सळईला बांधून. मागाहून भोक पाडून ठोकलेले चालणार नाहीत."

बिल्डर हसला. "शेठ, तुम्ही हुकाला लटकून फोटो काढा, मी ऑफिसात लावतो."

चावी मिळाली तेव्हा हुक होते, वर रंगही मारलेला होता. मी दोन्हींना लोंबकळून पाहिलं. हलले नाहीत. दुकानातला सगळ्यात चांगला पाट आणि वजनदार साखळी आणून मी माझ्या हाताने झोपाळा टांगला. ताईने पाटाला हळदकुंकू लावलं. लहानपणी आम्ही चिंचेच्या फांदीला पोत्याचा झोका बांधायचो, आणि ती मला कधी उतरू द्यायची नाही.

त्या झोपाळ्यावर बसूनच भाऊजींनी मला त्यांचं शास्त्र समजावलं. तेव्हा आमचं बरं होतं. एका संध्याकाळी वीज गेली होती, टेबलावर मेणबत्ती होती. त्यांनी ताईच्या शिवणाच्या डब्यातलं बटण दोऱ्याला बांधलं आणि मेणबत्तीपुढे आडवं गोल फिरवलं. भिंतीवर बटणाची सावली गोल फिरत नव्हती, नुसती डावीउजवीकडे जात होती. दोन्ही टोकांना रेंगाळायची, मधे सुसाट.

"झोपाळ्याचंही तेच," ते म्हणाले. "टोकाला क्षणभर थांबतो, मधे सगळ्यात जोरात. छोट्या झोक्याला वेळ तेवढाच लागतो, तू बस नाहीतर ही बसो. वेळ ठरतो साखळीच्या लांबीवर."

"म्हणजे माझं वजन काढताय," ताई आतून म्हणाली.

"तुझं वजन साखळीला विचार." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "स्थिर बसलास तर साखळीवर तुझ्या वजनाएवढाच ताण. झोका घेतलास की खालच्या ठिकाणी ती तुला नुसतं पेलत नाही, वर्तुळात वळवतेही. तिथे ताण वजनाहून जास्त. झोका जितका मोठा तितका जास्त."

मला ते पटेना. दुसऱ्या दिवशी दुकानात ज्या स्प्रिंगच्या काट्यावर साखळ्या तोलतो, त्याला वाळूची पिशवी अडकवली आणि ढकलली. पिशवी खाली आली की काटा पुढे, टोकाला गेली की मागे. दर फेरीला तेच. त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकाला सांगायला लागलो, हुकाला लोंबकळून बघू नका, झोका घेऊन बघा. हे मी भाऊजींकडून शिकलो. म्हणूनच पुढचं लिहितो आहे.

एका दुपारी ताई झोपाळ्यावर बसून, पायाने झोका घेत शेंगा सोलत होती. एका बाजूचा हुक स्लॅबमधून निघाला. पाट तिरका झाला, ती पाठीवर पडली आणि पाटाची कड तिच्या कण्याखाली आली. मी पोचलो तेव्हा शेजारी तिला उचलत होते. फरशीवर हुक पडला होता. सरळ सळई, टोकाला सिमेंटचा गोळा. सळईला बांधलेला हुक असा निघत नाही, त्याचं टोक वाकवलेलं असतं. हा मागाहून भोकात बसवलेला होता.

तिला हॉस्पिटलात ठेवून परत आलो तर हुक नव्हता आणि छताचं भोक लिंपलेलं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं, कमरेखाली आता काही चालणार नाही. ताईने लग्नानंतर शिक्षकाच्या घरी शोभेल असं बोलायची सवय लावून घेतली होती. त्या खाटेवर ती पुन्हा माहेरचं बोलायला लागली. "पानी दे," म्हणाली. मग म्हणाली, "आधी डोळ्यात माती पडली, मंग मी पडले. साखळी नाय तुटली. कोनाला सांगू?" माती म्हणजे हुकाभोवतीचं सिमेंट; ते आधी सुटलं, म्हणजे हुकच छतातून निसटला, माझं टांगणं नाही.

मी सोसायटीत आरडाओरडा केला. बिल्डरने रविवारी सगळ्यांना हॉलमध्ये जमवलं. त्याच्या सुपरवायझरने उरलेल्या हुकाला सिमेंटच्या दोन गोण्या दोराने टांगल्या. हळू, अगदी न हलवता. गोण्या लोंबत राहिल्या. लोक माना वर करून बघत होते.

"बघा," सुपरवायझर म्हणाला. "हुकाला काही झालंय? शेठनी टांगण्यात चूक केली. स्वतःच्या बहिणीला तरी नीट टांगून द्यायचं."

कोणी तरी हसलं. मी म्हटलं, "गोणी ढकला. झोका द्या तिला."

"गोणी कशाला झोका घेईल काका, तिला काय डोहाळे लागलेत?" मागून कोणी तरी म्हणालं.

पुन्हा हसले. मी भाऊजींकडे पाहिलं. बटण फिरवणारा माणूस भिंतीला टेकून उभा होता. त्यांनी फक्त "ढकला" एवढं म्हटलं असतं तर त्या सोसायटीत सगळ्यांनी ऐकलं असतं, तिथली निम्मी मुलं त्यांच्याच वर्गातली. ते म्हणाले, "हुक ठीक दिसतोय." मी गोणीकडे धावलो, दोघांनी मला धरलं. मी शिव्या दिल्या. त्यामुळे मी खोटा हे आणखी पक्कं झालं.

पुढे कळलं की हॉस्पिटलचं बिल बिल्डरने भरलं होतं, भाऊजींनी हुक ठीक असल्याची सही दिल्यावर. मी जिन्यात त्यांना अडवलं.

"मला विचारायचं होतंत. मी दुकान विकलं असतं."

"तू विकलं नसतंस," ते म्हणाले. "भाव करत बसला असतास. आणि हुकाला तूही लोंबकळलाच होतास ना?"

"तेव्हा मला ते शास्त्र माहीत नव्हतं. तुम्हीच नंतर शिकवलंत."

ते घरात गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. त्यानंतर भाऊबिजेला मला त्या घरात घेतलं नाही. ताई काही वर्षं त्याच हॉलमध्ये, त्याच छताखाली पडून राहिली आणि गेली. शेजारीण सांगते, तिला शेवटपर्यंत सांगितलं गेलं की झोपाळा तुझ्या भावाने चुकीचा टांगला. डोळ्यात आधी माती पडली, हे ती म्हणत राहायची. धक्क्याने तसं वाटतं, असं तिला समजावलं जायचं.

तेराव्याला मी गेलो. बसायला सतरंजी मिळाली, पाणी मिळालं, बोलणं नाही. लिंपलेली जागा बाकीच्या छताहून पांढरी दिसत होती. भाऊजी आता निवृत्त आहेत आणि त्याच हॉलमध्ये बारावीची शिकवणी घेतात. वर्तुळाकार गती, दोलन, सगळं. मुलं त्या जागेखाली बसून वहीत उतरवून घेतात.

भाऊजी, बिल्डरचं बिल्डरकडे बघून घेईन. हे तुमच्यासाठी आहे. पैशाची गरज होती हे मला कळतं, ते मला सांगू नका. गोणी स्थिर टांगली तर काहीच सिद्ध होत नाही, हे त्या खोलीत तुम्हाला सगळ्यांत आधी कळत होतं. तरी ती बाई मरेपर्यंत तिच्या भावाला दोष देईल, हे तुम्ही चालू दिलंत. तिच्या डोळ्यात पडलेली माती खोटी होती का? तुमच्या तोंडून ऐकायचं आहे, त्याच हॉलमध्ये, शिकवणीच्या मुलांसमोर. उत्तर द्या.