अडकलेले शब्द

आजारपणात बाबांचा आवाज गेला, म्हणून मी त्यांच्यासाठी दोन प्रोग्राम लिहिले. पहिला त्यांनी टाइप केलेले शब्द पाइपमधून, म्हणजे दोन प्रोग्राम जोडणाऱ्या वाटेने, दुसऱ्याकडे पाठवायचा. दुसरा ते मोठ्याने बोलायचा आणि दुसऱ्या पाइपमधून पहिल्याला "झालं" असं कळवायचा.

आज सकाळपासून दोघेही गप्प आहेत. पहिला उत्तराची वाट बघतोय, दुसरा शब्दांची, आणि शब्द मधेच पाइपमध्ये अडकलेत. रुसलेल्या माणसांची निदान समजूत घालता येते. इथे कुणी रुसलेलंही नाही, याचाच संताप येतो.

बाबा पुन्हा कीबोर्डच्या कळा दाबू लागले.

"बाबा, थांबा ना जरा!" मी खेकसलो.

त्यांनी माझा हात ओढला आणि तळव्यावर बोटाने लिहिलं, "जेवलास का?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही. त्यांनी सावकाश पुन्हा लिहिलं.