फोडणीला कोकलणारी डबी

गाडीच्या भिंतीवरची ती पांढरी डबी भानुदासांनी स्वतःच्या हाताने काढली होती, आणि काढतानाच त्यांना कळत होतं की हे बरोबर नाही.

ईस्ट टामाकीच्या एका कारखान्यात पॅकिंगची यंत्रं सांभाळता सांभाळता भानुदास निवृत्त झाले आणि त्यांनी एक जुनी मोटरहोम घेतली. आत शेगडी, इवलासा ओटा, फ्रिज, मागे बिछाना. कलावतीबाई आत शिरल्या, त्यांनी ओट्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आपल्या मनुरेवाच्या घरापेक्षा इथला ओटा बरा. सगळं हाताशी." त्यांचा मुलगा प्रणय मात्र गाडीभोवती फेऱ्याच मारत राहिला. शेवटी म्हणाला, "बाबा, फिरा खुशाल. पण तुमच्या दोघांपैकी कुणाच्या तब्येतीत काही निघालं, तर मला सांगायचं आणि गाडी विकायची. डील?"

"डील," भानुदास म्हणाले. म्हणताना त्यांनी नाक खाजवलं.

कारण तब्येतीत निघालेलं होतंच. कोरोना होऊन गेला तसं त्यांना वास येणं बंद झालं ते झालंच. खारट, आंबट, तिखट जिभेला कळायचं. बाकी सगळा कोरा कागद. आजारातून उठल्यावर कलावतीबाईंनी पहिल्यांदा आमटी केली, वाटी त्यांच्या नाकाशी धरली आणि विचारलं, "येतो ना हो वास?" त्या प्रश्नात एवढी धास्ती होती की भानुदास म्हणून गेले, "येतो की. झक्कास." वाटलं, आठवड्याभरात येईलच परत. आला नाही. दोन वर्षं ते रोज 'झक्कास' म्हणत राहिले. वासाचं काहीही निघालं की बायको म्हणेल त्याला 'हो ना' म्हणायचं, एवढं साधं तंत्र त्यांनी बसवून घेतलं होतं.

आता ती डबी. गॅस गळला की ओरडते, असं गाडी विकणाऱ्याने सांगितलं होतं. पण ती फोडणीलाही ओरडायची. मोहरी तडतडली, मिरच्या पडल्या की हिचं सुरू. गाडी दारातच उभी असताना कलावतीबाईंनी पहिल्यांदा वरण फोडणीला टाकलं आणि डबी अशी कोकलली, की शेजारची सामोअन बाई धावत आली.

"काढा हो ती! माझ्या फोडणीवर हिचा काय एवढा राग?"

"असू दे गं. कामाची वस्तू आहे."

"कसलं काम? गॅसचा वास आपल्याला येत नाही होय? दोन नाकं आहेत ना गाडीत!"

भानुदासांकडे याला उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. त्यांनी डबी काढली आणि चमच्यांच्या खणात ठेवली.

पहिलाच लांबचा प्रवास होता, लेकीकडे, पामरस्टन नॉर्थला. श्रद्धा तिथे नोकरीला, तिचा धाकटा आरव आजी-आजोबांच्या 'हाउस-कार'ची वाट बघत होता. टाउपोपर्यंत सगळं मजेत झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी टोकानूच्या गरम झऱ्यांत दोघांनी पाय शेकले आणि ओले टॉवेल गाडीत वाळत टाकले. कलावतीबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "शी! काय हा गंधकाचा वास." भानुदास म्हणाले, "हो ना."

दुपारी तुरांगीला गाडी लावून जेवण झालं. डाळ-भात. भानुदासांनी नेहमीप्रमाणे पहिल्या घासाला मान डोलावली. "आज हिंग काय लागलाय डाळीला! झक्कास."

कलावतीबाईंनी वाढता वाढता हात थांबवला.

तेवढ्यात शेजारी थांबलेल्या एका बाईने सांगितलं, पुढे डेझर्ट रोडवर बर्फ पडायची लक्षणं आहेत, रस्ता बंद करतील. भानुदासांची एकदम धांदल उडाली. भांडी तशीच सिंकमध्ये लोटली, खुर्च्या आत फेकल्या, गाडी सुरू केली. निघताना बाहेरच्या कप्प्यातल्या सिलिंडरचा कॉक बंद करायचा, हा त्यांचा रोजचा नेम. तो त्या घाईत राहिला.

डेझर्ट रोड म्हणजे नावाप्रमाणेच उजाड. झाड नाही, घर नाही. पिवळं वाळकं गवत, विजेचे मनोरे, आणि उजव्या हाताला ढगात बुडालेला रुआपेहूचा डोंगर. रस्ता खाली उतरायचा, वळायचा, पुन्हा चढायचा. प्रत्येक वळणाला सिंकमधली भांडी खणखणायची. वाऱ्याने गाडी बाजूला ढकलली जात होती. भानुदास दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसले होते.

"अहो, कसला तरी वास येतोय."

"टॉवेलांचा गं. गंधकाचा."

"हं." थोड्या वेळाने पुन्हा, "तुम्हाला येतोय ना?"

"येतोय की. ओले टॉवेल आहेत, येणारच."

वळण घेतलं आणि समोर लाल दिवेच दिवे. पुढे एक ट्रक घसरून आडवा झाला होता आणि गाड्यांची रांग लागली होती. भानुदासांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. काचा बंदच होत्या. पाचच मिनिटांत पाय गारठले. फोनला रेंज नव्हती.

"चहा ठेवते," म्हणत कलावतीबाई उठून मागे गेल्या. पातेलं काढल्याचा आवाज आला. दूध काढून त्यांनी फ्रिजचं दार लावलं. मग आवाज थांबला.

"अहो, हा वास टॉवेलांचा नाही."

"मग हिंगाचा असेल."

"हिंग?" त्यांचा आवाज बदलला. "हिंग टाउपोलाच संपला. दुपारच्या डाळीत हिंग नव्हताच."

भानुदासांनी मागे वळून पाहिलं. कलावतीबाई शेगडीपाशी उभ्या होत्या. एका हातात पातेलं, दुसऱ्या हातात लायटर, अंगठा खटक्यावर. त्या लायटरकडे बघत नव्हत्या, नवऱ्याकडे बघत होत्या. आणि त्याच क्षणी भानुदासांना तुरांगी आठवलं. कॉक.

"कला," ते म्हणाले. आवाज वाढू न देता म्हणाले, कारण ती दचकली तर बोट दाबलं जाईल. "अंगठा उचल. हळू. लायटर खाली ठेवू नको, तसाच हातात राहू दे."

"का? काय झालं?"

"गॅस आहे. दिवा लावायचा नाही, कशालाही हात लावायचा नाही. दार उघड आणि उतर."

त्यांचं लक्ष फ्रिजकडे होतं. तो मधूनमधून आपला आपण खट्‌ करून चालू व्हायचा. आत्ताच दार उघडलं होतं. म्हणजे आता कधीही चालू होईल आणि ठिणगी पडेल. गॅस जड असतो, तो खाली साचतो, कलाच्या पावलांपाशी, फ्रिजच्या पायाशी, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. एकच गोष्ट कळत नव्हती: किती साचलाय. कोरा कागद.

दार उघडायला कलावतीबाईंना वेळ लागला. कडी थंडीने आखडली होती. "दोन्ही हातांनी," भानुदास म्हणाले. "लायटर?" "काखेत धर." दार उघडलं, वारा भस्सकन आत शिरला, आणि पायातल्या नुसत्या रबरी चपलांनिशी त्या बर्फाळ खडीवर उतरल्या. त्यांच्या मागोमाग भानुदास उतरले आणि कप्प्याकडे धावले. कॉक फिरवायला गेले तर बोटं ऐकेनात. फिरला. बंद झाला.

मागून पावलं वाजली. रांगेतल्या मागच्या ट्रकचा ड्रायव्हर, धिप्पाड माओरी माणूस, दोन म्हातारी माणसं बिनकोटाची वाऱ्यात उभी बघून येत होता. त्याच्या ओठांत सिगारेट होती.

"किया ओरा! यू राइट, मातुआ?" नमस्कार करून तो विचारत होता, ठीक आहात ना, काका?

"नो! नो सिगारेट!" कलावतीबाई एवढ्या जोरात ओरडल्या की तो जागीच थबकला. "गॅस! गॅस!"

त्याने लांबच, बर्फाच्या चिखलात सिगारेट बुटाखाली चिरडली. मग पुढे येऊन दाराशी वाकला, हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. "हीप्स ऑफ इट, ब्रो. आउट, आउट." ट्रककडे परत जाताना त्याने आपलं जाड जॅकेट कलावतीबाईंच्या खांद्यावर टाकलं.

दोन्ही दारं उघडी टाकून ती दोघं वाऱ्यात उभी राहिली. आत जाण्याचा धीर झाला तेव्हा भानुदासांनी साबणाचं पाणी करून शेगडीखालच्या नळीला लावलं. कॉक क्षणभर उघडला, तर जोडावर बुडबुडे टरारून फुगले. धक्क्यांनी नट सैल झाला होता. कॉक बंद करून पान्याने तो आवळला, पुन्हा बघितलं. बुडबुडा नाही.

पुढचे लाल दिवे हलू लागले. रांग सुटली होती. गाड्या त्यांना वळसा घालून जायला लागल्या.

"चल, बस," भानुदास म्हणाले.

"गेलाय का सगळा?"

"तू बघ ना. वास घेऊन सांग."

"तुम्हीच सांगा. तुम्हाला येतो ना वास?"

आणखी एकदा 'हो' म्हणणं अगदी सोपं होतं. 'गेला' म्हटलं असतं तर ती मुकाट्याने आत चढली असती. भानुदास पाना हातात धरून उभे राहिले.

"मला वास येत नाही, कला. कोरोना झाल्यापासून."

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला.

"दोन वर्षं?"

"हो."

"आणि मी रोज विचारत होते. रोज!" त्यांचे डोळे भरले होते, की वाऱ्याने पाणी आलं होतं, कळायला मार्ग नव्हता. "दुपारीच शंका आली मला. म्हटलं, हिंगाशिवाय हिंग लागला कसा यांना? आणि रस्ताभर 'टॉवेल, टॉवेल' करत होतात. मला वाटलं, तुम्हाला येतोय वास, म्हणजे टॉवेलच असतील. मी माझ्या नाकावर विश्वास ठेवला नाही, तुमच्यावर ठेवला."



मग त्या आत चढल्या. फरशीवर गुडघे टेकले, ओट्याखाली डोकं घातलं, फ्रिजच्या पायाशी नाक नेलं. "आहे अजून," म्हणाल्या. दोघं थांबली. ट्रकवाला हात हलवून निघून जाऊ लागला. कलावतीबाईंनी धावत जाऊन त्याचं जॅकेट परत दिलं. पुन्हा गुडघ्यांवर बसल्या. "थोडा आहे." पुन्हा थांबली. रस्ता मोकळा झाला, बर्फाचे कण तिरपे यायला लागले आणि दूरवर रस्ता बंद करणाऱ्या गाडीचे पिवळे दिवे दिसू लागले. भानुदासांनी गाडीची किल्ली खिशातच ठेवली.

"आता नाही," त्या अखेर म्हणाल्या. "चला."

पुढच्या वायउरू गावापर्यंत काचा उघड्याच ठेवल्या होत्या. तिथे रेंज आली तसा श्रद्धाचा फोन वाजला.

"आई, कुठे आहात? सगळं स्वीट अ‍ॅज? ठीक ना?"

कलावतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "आम्ही ठीक आहोत. गॅस गळत होता, यांनी बंद केला. आणि ऐक, तुझ्या बाबांना वास येत नाही. दोन वर्षं झाली. प्रणयला मी सांगते, तू मधे पडू नको." फोन ठेवून त्या म्हणाल्या, "विकायला सांगेल तो गाडी."

"सांगू दे. डील झालंय."

"ते डील तुमचं. मला कुणी विचारलं होतं?" मग फोन पिशवीत टाकत, "दुपारची डाळ खरंच कशी होती?"

भानुदासांनी विचार केला. "मीठ जास्त होतं."

"मग तेव्हा बोलायला काय झालं होतं?"

दुसऱ्या दिवशी श्रद्धाच्या अंगणात गाडी उभी होती. पहाटेच भानुदासांनी खणातून डबी काढून पुन्हा भिंतीवर बसवली होती. कलावतीबाईंनी श्रद्धाकडचा हिंग आणला, तेल तापवलं, मोहरी टाकली. डबी कोकलायला लागली. आरव कानांवर हात ठेवून ओरडला, "आजी, टर्न इट ऑफ!"

भानुदासांचा हात सवयीने वर गेला.

"हात लावू नका," कलावतीबाई मिरच्या टाकत म्हणाल्या. "कोकलू दे तिला."

त्यांनी गॅस बंद केला, दार उघडलं आणि डबी आपली आपण गप्प होईपर्यंत झारा हातात धरून उभ्या राहिल्या. मग फोडणी घातलेल्या डाळीची वाटी त्यांनी भानुदासांच्या नाकाशी नेली नाही. हातात दिली.