मेहुण्याच्या कॅमेऱ्यावर घरची लेन्स

माणसाला नाव आईबाप ठेवतात, पण चिकटतं ते लोकांनी ठेवलेलं. खट्याकभाऊंचं तसंच झालं. एका खोलीच्या स्टुडिओत पासपोर्टचे आणि ओळखपत्रांचे फोटो काढणारा, गिऱ्हाइकाची हनुवटी दोन बोटांनी अलगद वर करून "हं, आता हलू नका" म्हणणारा हा नाकासमोर चालणारा गृहस्थ. त्याच्या वागण्यात खट्याक म्हणण्यासारखं काही नव्हतं. नाव पडलं ते कॅमेऱ्यामुळे.

भाऊंची बायको दिवसा बसस्थानकावर माईकवरून गाड्या पुकारायची आणि संध्याकाळी हौशी मंडळींच्या नाटकात काम करायची. मंडळी तिला वहिनी म्हणत, आपणही म्हणू. या मंडळींचं एक नाटक वर्षानुवर्षं चाललं. त्याच्या शेवटच्या प्रवेशात वहिनी एकट्याच. एक टेबल, दोन खुर्च्या, दोन कप. समोरच्या खुर्चीतला माणूस कायमचा निघून गेलेला. त्याचा कप आवरायला त्या उचलतात, थबकतात, पुन्हा होता तिथेच ठेवतात आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत बसतात. संपलं. एक शब्द नाही. दिवसभर सगळ्या गावाला "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" म्हणून सांगणारी ही बाई तिथे अशी काही गप्प बसायची की प्रेक्षक खोकायचं विसरायचे.

पहिल्याच प्रयोगाला त्या शांततेत भाऊंनी फोटो काढला. त्यांचा कॅमेरा जुन्या घडणीचा. बटण दाबलं की आतला आरसा ताडकन वर जायचा, पडदा सरकायचा, आरसा दाणकन खाली यायचा. खट्याक! मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, त्याचं बघून शेजारचा हसला, आणि ज्या नाटकाने लोकांना रडवायचं त्याचा पडदा हशात पडला. वहिनी घरी आल्या त्या तोंडाला कुलूप लावून. दुसऱ्या दिवशी कुलूप उघडलं ते एकाच वाक्यासाठी, "यापुढे शेवटच्या प्रवेशाला तुम्ही आत दिसता कामा नये."

भाऊंनी ते निमूट पाळलं. सगळं नाटक टिपायचं आणि शेवटचा प्रवेश आला की उठून बाहेर जायचं. तिकीट खिडकीपाशी उभं राहून आतल्या टाळ्या ऐकायच्या आणि "जमलं वाटतं आज" असं स्वतःशी म्हणायचं. घरातली अख्खी भिंत वहिनींच्या फोटोंनी भरली. रागावलेल्या, हसणाऱ्या, दारात उभ्या, सगळ्या वहिनी होत्या. कप परत ठेवणाऱ्या वहिनी तेवढ्या नव्हत्या. आपल्या बायकोचं सगळ्यात चांगलं काम आपण सोडून सगळ्या गावाने बघितलंय, हे भाऊंना फार लागायचं. बोलून दाखवायची मात्र सोय नव्हती, कारण गुन्हा आपलाच.

आणि एक दिवस वहिनींचे गुडघे आणि दिग्दर्शकाचं वय यांनी मिळून ठराव केला की आता हे नाटक पुरे. शनिवारी एक प्रयोग, रविवारी शेवटचा. भाऊ भिंतीवरच्या फोटोंसमोर जाऊन उभे राहिले. म्हणजे तो फोटो आता राहिलाच.

अशा वेळी देवासारखा धावून आला तो मेहुणा. देवासारखा म्हणायला भाऊंची जीभ रेटली नसती, ते सोडा. वहिनींचा हा धाकटा भाऊ चष्म्याचं दुकान चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी पाखरांचे फोटो काढायचा. त्याचा कॅमेरा एका कंपनीचा, भाऊंचा दुसऱ्या. एवढ्या कारणावरून दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. जेवताना पहिला घास घेतला की मेहुणा विचारणार, "भावोजी, तुमची कंपनी अजून चालू आहे?" आणि भाऊ म्हणणार, "तुझ्या कंपनीच्या फोटोत माणसं कावीळ झाल्यासारखी दिसतात." त्या दोन्ही कंपन्यांना या दोघांचा पत्ताही नव्हता. पण लग्नात मुलाकडच्यांनी आणि मुलीकडच्यांनी भांडावं तसे हे दोघे त्यांच्या वतीने इमानेइतबारे भांडत.

तर मेहुण्याने नवा कॅमेरा घेतला होता आणि तो मिरवायला तो आला.

"भावोजी, आवाज ऐका." त्याने बटण दाबलं.

"कसला आवाज?"

"तेच तर! आतला आरसाच काढून टाकलाय. आपटायला काही उरलंच नाही, आणि सायलेंटवर टाकला की पडदासुद्धा हलत नाही."

भाऊंनी हातातला चहा खाली ठेवला. वैऱ्याच्या कंपनीचा कॅमेरा! पण बिनआवाजी! जीव असा टांगणीला लागला की विचारू नका. तरी मान ताठ ठेवून ते म्हणाले, "लेन्स बघ की तुझी. पाखरांसाठीची, हाताएवढी लांब. हिच्यातून तुझ्या ताईची नुसती नाकपुडी येईल."

"मग तुमची लावा."

"माझी लेन्स तुझ्या डबड्याला? तोंडं जुळतात का त्यांची?"

मेहुण्याने खिशातून बांगडीपेक्षा जाड अशी एक काळी कडी काढली. एका बाजूला भाऊंच्या कंपनीच्या खाचा, दुसऱ्या बाजूला त्याच्या. "हा अडॅप्टर. आरसा गेला, तेव्हा त्याची जागा रिकामी झाली. तेवढीच जागा ही कडी भरून काढते. तुमच्या लेन्सला वाटतं, आपण आपल्याच घरी आहोत."

भाऊंनी कपाटातून आपली लेन्स आणली. तिच्यावरचे आकडे पुसट झाले होते, पण कोणता आकडा कुठे ते त्यांच्या बोटांना पाठ. कडी लेन्सला फिरवली, टक्. कॅमेऱ्याला फिरवली, टक्. बसली की हो! जणू तिथेच जन्मली होती. भाऊंनी चष्मा कपाळावर ढकलून डोळा लावला आणि लेन्सची फिरकी फिरवली, तर समोरच्या मेहुण्याच्या मिशीला लाल चमचमती किनार आली.

"अरे, तुझी मिशी पेटली!"

"जिथे फोकस होतो तिथे कडा लाल दिसतात, भावोजी. डोळे थकलेल्यांसाठी सोय आहे."

थकलेले म्हटल्याचा रागसुद्धा भाऊंना आला नाही. ते घरभर फिरत सुटले. नळ लाल, पंखा लाल, पायपुसणं लाल! इतकी वर्षं डोळे बारीक करून अंदाजाने फिरवलेली फिरकी, आणि आता जिन्नस आपणहून ओरडून सांगत होते, मी इथे आहे, मी इथे आहे. साठी उलटलेला माणूस मोरीत उभा राहून बादलीकडे बघून टाळ्या पिटत होता, यावर विश्वास ठेवायचा तर ठेवा.

वहिनी कामावरून आल्या तेव्हा दोघे वैरी दाराशी हात जोडून उभे. वहिनींनी कॅमेरा कानाशी धरून बटण दाबायला लावलं, एकदा, दोनदा, तीनदा. मग म्हणाल्या, "ठीक आहे. फक्त शनिवारी. रविवारी शेवटचा प्रयोग आहे, तेव्हा मला कसलंही लचांड नकोय."

शनिवारी भाऊ तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसले. उजेड नको म्हणून कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्याला काळी पट्टी चिकटवलेली, चष्मा कपाळावर, डोळा आत. आणि मग त्यांनी असा धडाका लावला! खट्याक नाही, चुळबुळ नाही, शेजारची बाई वळूनही बघत नाही. बटण दाबल्यावर आत खालच्या बाजूला काहीतरी बारीक इंग्रजी उमटायचं आणि जायचं. काढला म्हणून सांगत असेल बिचारा, असं म्हणून भाऊ मनातल्या मनात त्याला शाबासकी द्यायचे. शेवटचा प्रवेश आला, तेव्हा सवयीने उठायला निघालेले पाय त्यांनी दाबून धरले. वहिनींनी कप उचलला, थबकल्या, परत ठेवला. लाल किनार त्यांच्या पापणीवर थरथरत होती. इतक्या वर्षांनी भाऊंनी ते बघितलं. बघता बघता बटणही दाबत राहिले, आणि वैऱ्याच्या कंपनीला मनोमन दंडवत घातला.

प्रयोग संपल्यावर ते मेहुण्याला घेऊन रंगमंचामागच्या खोलीत गेले. काळी पट्टी काढली, चष्मा लावला.

एकही फोटो नव्हता.

मेहुण्याने कॅमेरा घेतला, एक बटण दाबलं, उमटलेलं बारीक इंग्रजी वाचलं आणि त्याचा चेहरा पडला. "भावोजी, ही कडी नुसती धातूची. तुमची लेन्स काय आहे, हे ती कॅमेऱ्याला सांगत नाही. त्याला वाटतं, तोंडाला लेन्सच नाही. आणि लेन्स नसताना फोटो काढू द्यायचा का, याला आत 'नाही' असं उत्तर भरलेलं असतं. ते 'हो' करायचं मी विसरलो."

"म्हणजे अख्खं नाटकभर तो मला काय सांगत होता?"

"लेन्स लावा म्हणून."

भाऊंनी लेन्स काढून छातीशी धरली. "माझी एवढी सोन्यासारखी लेन्स, आणि तुझी कंपनी म्हणते ती नाहीच! मी सांगत नव्हतो तुला, माणसं कशी आहेत ती?" एवढं बोलले, पण डोळे भरून आले होते. समोर सगळं घडलं, डोळ्यांनी बघितलं, आणि हाताला काही लागलं नाही.

रविवारी सकाळी वहिनींची बसस्थानकावर पाळी होती. रात्री त्यांना काही सांगायचा धीर न झालेले भाऊ डबा घेऊन गेले. काचेच्या खोलीत वहिनी माईकसमोर बसल्या होत्या. दोन पुकारण्यांच्या मधल्या वेळात भाऊंनी, एका दमात, सगळं सांगितलं. काळी पट्टी, बारीक इंग्रजी, मनातली शाबासकी, काही गाळलं नाही.

वहिनी ऐकून गंभीर राहिल्या. गाडीची वेळ झाली. त्यांनी माईकचं बटण दाबलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक..." आणि तेवढ्यात त्यांची नजर भाऊंच्या रडवेल्या तोंडावर गेली. "फलाट क्रमांक... फल..." आणि त्या फुटल्या. सगळ्या स्थानकावर भोंग्याभोंग्यातून हसू. पिशव्या घेऊन उभी असलेली माणसं वर बघायला लागली, मग आपसांत हसायला लागली. गाडी कुठली ते कुणाला कळलं नाही, तरी जो तो खूश. ड्रायव्हर उतरून काचेशी आला, स्थानकाचे साहेब दार उघडून आत डोकावले आणि वहिनींची हसून हसून वळलेली मुरकुंडी बघून तेही काही न बोलता दार लोटून गेले.

"शाबासकी दिलीत त्याला?" वहिनींनी पदराने डोळे पुसले. "आणि तो बिचारा ओरडतोय, लेन्स लावा, लेन्स लावा!"

"हसून घे. पण आज येऊ दे मला. आजच्यानंतर कधी येऊ?"

वहिनींचं हसू हळूहळू ओसरलं. माईककडे वळत त्या म्हणाल्या, "या. पण आधी त्या कॅमेऱ्याला सांगा, आमच्याकडे लेन्स आहे."

संध्याकाळी मेहुण्याने 'नाही'चं 'हो' केलं, भाऊंनी ते चष्मा लावून स्वतः वाचलं, मेहुण्याचा, दिग्दर्शकाचा आणि तिकीट फाडणाऱ्याचा एकेक फोटो काढून खात्री केली, आणि तिसऱ्या रांगेत जाऊन बसले.

शेवटचा प्रवेश. वहिनींनी कप उचलला. थबकल्या. परत ठेवला. खुर्चीत बसल्या. थिएटरात कुणी हलेना. भाऊंनी बटण दाबलं. आणि वहिनींनी रिकाम्या खुर्चीवरची नजर उचलली. सावकाश मान वळवली आणि तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, सरळ भाऊंकडे बघितलं. तोंडावर ना नाटकातलं दुःख, ना सकाळचं हसू; घरी कुणी उशिरा का होईना आल्यावर दार उघडताना असतो ना, तसला चेहरा. भाऊ बघतच राहिले. बोटाने तेवढं आपलं काम केलं. पडदा पडला आणि टाळ्यांनी छप्पर उडायची वेळ आली.

मागच्या खोलीत दिग्दर्शक डोक्याला हात लावून बसला होता. "वहिनी, इतक्या वर्षांत एकदाही नाही, आणि आजच प्रेक्षकांत बघितलंत?" मेहुणा मात्र कॅमेऱ्यात बघून बडबडत सुटला होता, "भावोजी, काय आलाय फोटो! लेन्स तुमचीच हो, मान्य, लेन्स तुमचीच!" एरवी हे ऐकायला भाऊंनी उपास केला असता. आज त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"का गं बघितलंस?" त्यांनी विचारलं.

वहिनी कापसाने गालावरचा रंग पुसत होत्या. "इतकी वर्षं त्या प्रवेशाला तुम्ही उठून बाहेर जायचात. मी त्या खुर्चीकडे बघायची तेव्हा तेच डोक्यात असायचं, हे बाहेर उभे आहेत. मला कधी वेगळं दुःख आणावं लागलं नाही. काल तुम्ही गेला नाहीत, तेव्हाही मान वळायला लागली होती, कशीबशी धरली." त्यांनी कापूस बदलला. "आज म्हटलं, माणूस आत येऊन बसलाय, तर रिकाम्या खुर्चीकडे कशाला बघायचं?"

भाऊंनी "हलू नकोस" म्हणून त्यांची हनुवटी दोन बोटांनी वर केली, पण फोटो काढायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.