दर चौथ्या गुरुवारच्या ललिता सिस्टर

दर चौथ्या बुधवारी संध्याकाळी सहा वाजता माझा फोन वाजायचा. पलीकडून नमस्कार नाही, नाव नाही. "मोज," एवढंच. मग मी एका श्वासात एक, दोन, तीन म्हणत जायचं आणि श्वास संपेल तिथं थांबायचं. बरी असले तर तीस-बत्तीसपर्यंत जायचे. एकदा अठरावरच अडकले, तेव्हा ललिता सिस्टर म्हणाल्या, "उद्याची वाट बघू नको. आत्ता रिक्षा कर अन् ये."

मी सोलापुरात शुक्रवार पेठेत राहते, मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. दमा लहानपणापासूनचा, पण चाळिशीनंतर तो साधा राहिला नाही. दोन वेळा आयसीयूत जाऊन आले. पंप, गोळ्या, गोळ्यांनी सुजलेला चेहरा, सगळं झालं. शेवटी छातीच्या डॉक्टरांनी दर चार आठवड्यांनी, गुरुवारी, दंडात घ्यायचं एक इंजेक्शन सुरू केलं. ते कायम फ्रीजमध्ये ठेवावं लागतं, ठरल्या दिवशी घ्यावं लागतं आणि घेतल्यावर काही वेळ तिथंच बसावं लागतं, कारण क्वचित कुणाला त्याचीच रिअ‍ॅक्शन येते. दवाखान्यात हे सगळं सांभाळायच्या त्या ललिता सिस्टर.

पन्नाशीच्या, बुटक्या, भराभर चालणाऱ्या. घरी तेलुगू, आमच्याशी सोलापुरी मराठी. त्यांच्या घरच्या बायका फुलाशिवाय उंबरा ओलांडत नाहीत, पण वासानं कुणाची तरी छाती भरेल म्हणून ड्यूटीवर त्यांनी कधी फूल माळलं नाही. लहान-मोठ्या सगळ्यांना एकेरीच हाक. "कुठल्या पण भाषेत मोज, श्वास एकच पाहिजे," हे त्या सगळ्यांना सांगायच्या. बरं वाटायला लागलं म्हणून मी एकदा पंप बंद केला, तर त्यांनी माझ्या आवाजावरून ते ओळखलं आणि सगळ्यांदेखत मला झापलं. "इंजेक्शन हाय म्हणून पंप सोडायलीस? शिकलेली की तू?"

माझ्याच गुरुवारी वेळापूरहून एक बापू यायचे. उसाची शेती, साठीचं वय, दम्यानं वाकलेले. त्यांचा पाचवा डोस होता. अर्धा तास बसायचा नियम, पण दहाव्या मिनिटाला ते पिशवी घेऊन उठले. गाडी चुकेल म्हणाले, चार वेळा काही झालं नाही तर आता काय होतंय म्हणाले. सिस्टरनी स्टूल ओढलं आणि दारातच बसल्या. बापू चिडले, बाईमाणसाला ओलांडून कसं जाणार, म्हणून पुटपुटत परत बसले. आणखी दहा मिनिटांनी त्यांनी मान खाजवली. मग मनगट. मी बघत होते तोवर त्यांचे ओठ सुजले आणि आवाज घोगरा झाला. मी जागेवरून हललेसुद्धा नाही, इतकी घाबरले. डॉक्टर जिना चढून येईपर्यंत सिस्टरनी त्यांना आडवं करून मांडीत औषध टोचलं होतं, ऑक्सिजन लावला होता.

दुसऱ्या दिवशी मी बघायला गेले, तर बापू उठून बसले होते. सिस्टरना म्हणाले, "तू आडवी बसली नसतीस तर मी गाडीतच, टेंभुर्णीच्या आदी गेलो असतो की." सिस्टर म्हणाल्या, "मी घड्याळ बघत होते. बाकी काय केलं?" बापूंचं ते इंजेक्शन बंद झालं, पुढं डॉक्टरांनी त्यांना वेगळं दिलं. माझा मात्र त्या दिवसापासून सिस्टरवर आंधळा विश्वास बसला.

त्यानंतरच्या एप्रिलमधली गोष्ट. शाळा सकाळची होती. बुधवारी मधल्या सुट्टीतच सिस्टरचा फोन आला. मी सवयीनं एक, दोन म्हणायला लागले.

"मोजू नको," त्या म्हणाल्या. "ऐक आधी. तुझं इंजेक्शन खराब झालंय. माझ्या हातानं."

शनिवारी त्यांनी फ्रीज पुसायला प्लग काढला होता. तेवढ्यात घरून फोन आला, भाऊ पडला म्हणून. त्या तशाच निघाल्या. रविवारी दवाखाना बंद. सोमवारी सकाळी आतल्या थर्मामीटरचा आकडा छत्तीसवर. त्यांनी प्लग लावला, दुपारपर्यंत सगळं पुन्हा गार झालं. सोमवारी आलेल्या दोघांना त्यांनी माल आला नाही असं खोटंच सांगून परत पाठवलं. मंगळवारी संध्याकाळी डॉक्टरांना खरं सांगितलं आणि आता एकेकाला फोन करत होत्या. नवीन इंजेक्शनं पुण्याहून यायला दहा-बारा दिवस लागणार होते.

मला आधी काही कळेचना. ललिता सिस्टर विसरल्या, हे वाक्यच डोक्यात शिरत नव्हतं. मग राग आला. मी स्टाफरूममध्ये उभी राहून विचारलं, "आणि या दिवसांत मला काही झालं तर?"

त्या म्हणाल्या, "तर ललितामुळं झालं म्हणून सांग सगळ्यांना. पंप मात्र सोडू नको."

त्या फोननंतर नवव्या दिवशी आठवीच्या वर्गात फळ्यावर समास लिहिताना माझी छाती आवळली. पंप घेतला, पुन्हा घेतला, फरक पडला नाही. मुलींचे चेहरे दिसत होते, आवाज येत नव्हते. सहकाऱ्यांनी मला रिक्षात घातलं. दवाखान्यात वाफ, सलाईन, मास्क. थोडं भान आलं तेव्हा ललिता सिस्टर पलंगाच्या पायथ्याशी उभ्या दिसल्या. दुसरी नर्स माझं सगळं करत होती. त्या नुसत्या माझ्या छातीकडे बघत होत्या. मी तोंड फिरवलं.

दोन दिवसांनी माझ्या नवऱ्यानं दवाखान्याच्या व्यवस्थापनाकडे तक्रार लिहिली आणि सहीसाठी माझ्यासमोर धरली. त्यांनी लिहिलं होतं, "परिचारिकेच्या चुकीमुळे." मी मराठीची बाई. "चुकीमुळे" खोडलं, वर "निष्काळजीपणामुळे" लिहिलं आणि सही केली.

पुढच्या तपासणीला गेले तर त्यांच्या टेबलाशी एक नवी मुलगी होती. सिस्टरनी राजीनामा दिला होता. मी डॉक्टरांना म्हणाले, बरं झालं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. काही दिवसांच्या उशिरानं एवढा अटॅक यावा असं सहसा होत नाही, ते म्हणाले. त्या आठवड्यात वावटळी होत्या, धूळ होती, नक्की कशानं झालं ते सांगता येणार नाही. मग ते म्हणाले, "मॅडम, ते औषध खराब झालं तरी पाण्यासारखंच दिसतं. फ्रीजचे आकडे फक्त सिस्टरच लिहायच्या. त्या गप्प राहिल्या असत्या तर मी तेच तुम्हाला दिलं असतं. गुण आला नसता, आणि आपण तुमच्या आजाराला दोष दिला असता."

मी खुर्चीत बसून राहिले. माझ्यानंतरचा पेशंट आत आला, तरी मला उठता येईना.

त्याच रविवारी शहराच्या पूर्व भागात त्यांचं घर शोधत गेले. गल्लीत दोन्ही बाजूंनी यंत्रमागांचा खडखडाट. एका खोलीत टॉवेलांचा ढीग होता आणि सिस्टर खाली बसून त्यांच्या कडा शिवत होत्या. मला बघून उठल्या, पाणी दिलं, आधी माझ्या ओठांचा रंग पाहिला. तक्रारीवर माझीच सही होती, हे मी कसंबसं सांगितलं.

"माहीत हाय की. खोडून वर लिहिलेलं अक्षर तुझंच होतं," त्या म्हणाल्या. "शब्द बरोबर लिहिलीस. मी पण तोच लिहिला असता."

तक्रार मागे घेते, डॉक्टर तुम्हाला परत बोलवायला तयार आहेत, असं मी म्हणाले. डॉक्टर दोनदा घरी येऊन गेले होते, हे मला तेव्हाच कळलं. सिस्टरनी शिवण खाली ठेवलं.

"सुई हातात घेतली की वाटतं, अजून काय विसरले असंल मी? तसल्या हातानं तुमाला टोचू का?"

फोनवरच्या माझ्या त्या एका प्रश्नावर, एका सहीवर, तीस वर्षं चाललेले हात थांबले होते. मला रडू येत होतं आणि त्याबरोबर खोकलाही. एकदा आला, दुसऱ्यांदा आला. सिस्टर ताडकन उठल्या, पंप असलेली माझी पर्स माझ्या हातात दिली आणि दंडाला धरून मला गल्लीच्या तोंडाशी मोकळ्या हवेत आणून उभं केलं.

"हितं सुताची धूळ हाय," त्या म्हणाल्या. "तुझ्या छातीला चालायची न्हाय. परत येऊ नको."

रिक्षा त्यांनीच थांबवली, हळू ने म्हणून रिक्षावाल्याला बजावलं आणि मागं न बघता गल्लीत शिरल्या. मी पुन्हा गेले नाही. का जात नाही असं विचारणाऱ्यांना अजून धुळीचंच कारण सांगते.