शेजारी बसणाऱ्याचा कान

सुधावहिनींचा फोन आला तेव्हा मी न्यू लिनच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. "विनय, हे गेले रे..." एवढंच त्या बोलल्या. अविनाशदादा सकाळी माउंट वेलिंग्टन या उपनगरात कामावर गेले, टेबलाशी बसले आणि हृदय थांबलं. त्याला आता सहा आठवडे होतील. दिवसकार्य झालं, भेटायला येणारे येऊन गेले. आता दादांची आठवण आली की आधी हसू येतं आणि मग हात आपोआप उजव्या कानाकडे जातो. तो कान आज शाबूत आहे तो त्यांच्यामुळे. हे त्यांना मी कधी नीट सांगितलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

माझा डावा कान लहानपणी गालगुंडात गेला. सगळी भिस्त उजव्यावर. दादा माझे सख्खे भाऊ नव्हेत, इथे परदेशात जोडलेले; मूळचे पुण्याचे, यंत्रांची डिझाइनं करण्यात आयुष्य गेलेलं, आणि पन्नाशीत या गृहस्थांना लांब पल्ल्याच्या नेमबाजीचं वेड लागलं. रीतसर लायसन्स काढलं, रायफल घेतली. समोरच्या डोंगरउतारावर लोखंडी पाट्या टांगलेल्या, इतक्या लांब की बार काढल्यावर 'टण्' ऐकू यायला तीन-चार सेकंद थांबावं लागे. मी शेजारी दुर्बीण लावून बसायचो. वारा कुठून आहे, गोळी कुठे पडली, ते सांगायचो. मधल्या सुट्टीत पोळी-भाजीचा डबा उघडला की क्लबातले गोरे म्हातारे आशेने घिरट्या घालत. पण दादांच्या रायफलीच्या तोंडाशी धक्का कमी करणारा ब्रेक होता. त्याने खांदा वाचतो आणि सगळा दणका बाजूला बसणाऱ्याकडे जातो. एका शनिवारी कानावर आवाज अडवणारे मफ असूनही माझ्या कानात शिट्टी वाजू लागली, ती दोन दिवस थांबेना. कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वेळी ऐकू येणं परत आलंय, पुढच्या वेळचं सांगू शकत नाही. मी दादांना फोन केला. "दादा, मी आता येत नाही." ते म्हणाले, "बरं. मग मी सप्रेसर बघतो."

सप्रेसर म्हणजे लोक ज्याला सायलेन्सर म्हणतात ते. सिनेमात तो लावला की नुसतं 'फुस्' होतं. प्रत्यक्षात तसं काही होत नाही. दणका बराच कमी होतो, मफ तरीही लावावेच लागतात. इथे दुकानात तो सरळ मिळतो, अर्ध्या तासात घेऊन बाहेर पडता येतं. दादांनी अख्खा हिवाळा घेतला. नळीवर मागे सरकून बसणारा की पुढे लांब निघणारा, टायटॅनियमचा की पोलादी, आटे जुळतात का, गोळीला आतून जागा पुरते का... शेवटी मी वैतागलो. "दादा, सप्रेसर घेताय की मुलीची पत्रिका जुळवताय?" ते शांतपणे म्हणाले, "पत्रिका चुकली तर निस्तरता येतं रे. तुझा कान गेला तर दुसरा कुठून आणू?"

त्यांचं घोडं अडलं होतं ते भलत्याच ठिकाणी. कॅटलॉगातले आवाजाचे आकडे नेम धरणाऱ्याच्या कानापाशी मोजलेले. शेजारी बसलेल्याचं काय? क्लबचे अध्यक्ष हसून म्हणाले, "मेट, कुठलाही घे, स्वीट अ‍ॅज!" दादांना ते 'सगळे झकासच' पटणं शक्यच नव्हतं. त्यांनी क्लबातल्या तिघांकडून तीन सप्रेसर मागून आणले, ऑफिसातलं आवाज मोजायचं यंत्र आणलं, ते माझ्या स्टुलावर तिकाटण्याला बांधून बरोबर माझ्या उजव्या कानाच्या उंचीवर बसवलं आणि वर माझी टोपी घातली. मला काचा बंद करून दूर गाडीत बसवलेलं. तिथून मी बघत होतो: एक बार, उठायचं, माझ्या टोपीखाली वाकून आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, पुन्हा आडवं व्हायचं. सगळा क्लब गोळा झाला होता.

निवडला तो सगळ्यांत लांब, जड, पोलादी; टोपीखालचा सगळ्यांत कमी आकडा त्याचाच होता. मी चाट पडलो. साउथ आयलंडच्या डोंगरात रायफल पाठीला लावून आठवडाभर भटकायचं, हरणांचा माग काढायचा, हे त्यांचं किती दिवसांचं स्वप्न. त्यासाठी हलका टायटॅनियमचाच हवा होता. "हे मुसळ घेऊन डोंगर चढणार?" मी विचारलं. "डोंगर कुठे पळून जातोय?" म्हणाले. ते डोंगरात कधीच गेले नाहीत. मला याचं वाईट वाटतं, आणि त्यांनी असं केलं याचा आनंदही होतो. दोन्ही खरं आहे.

त्या खंडेनवमीला वहिनींनी रायफलीची यथासांग पूजा केली. दुसऱ्या दिवशी रेंजवर पोचल्यावर दादांनी नेहमीप्रमाणे सप्रेसरमध्ये बॅटरी मारून पाहिलं, तर आत अक्षतेचा एक दाणा! तो झटकून काढला, तरी आणखी एखादा असेल म्हणून एकही बार न काढता आम्ही दोन तासांच्या रस्त्याने परत आलो. घरी वहिनींना ते एवढंच म्हणाले, "पुढच्या वर्षी याला नुसतं फूल वाहा." वहिनींनी पुढे तसंच केलं.

रायफल पहिल्याच आठवड्यात क्लबचे सेक्रेटरी येऊन घेऊन गेले. मागच्या रविवारी वहिनी म्हणाल्या, "हे कुठे बसायचे ते मला एकदा बघायचंय." मी त्यांना माझ्या गाडीतून नेलं. वाटेत त्या बोलत होत्या आणि मी सारखं "काय?" "काय म्हणालात?" करत होतो. पुढे पेट्रोल पंपावर थांबलो, तर त्या उतरून माझ्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "किल्ली दे. मी चालवते."

"अहो वहिनी, मी आहे ना."

"तू तिकडे बस. हे नेहमी म्हणायचे, विन्याला चालवायला दिलं की आपलं सगळं बोलणं त्याच्या बहिऱ्या कानात जातं."

मी पलीकडे जाऊन बसलो. अकरा वर्षं आम्ही जिथे गेलो तिथे स्टिअरिंगवर दादाच असायचे. त्यांचा जीव गाडीत अडकलाय, दुसऱ्याच्या हातात देववत नाही, असं मी चारचौघांत चेष्टेने सांगायचो आणि ते नुसते हसायचे... वहिनींनी गाडी सुरू केली आणि पुन्हा बोलू लागल्या. जाताना आणि येताना, हिल्सबरोला त्यांच्या घरी पोचेपर्यंत, मला त्यांचा शब्द न् शब्द ऐकू आला.