आधी गाड्या, मग शेड

जागा आखायला आम्ही ठोकलेल्या खुंट्या करावे गावातल्या बायकांनी उपटल्या, माती झटकली आणि त्या आमच्याच जीपमध्ये नीट रचून ठेवल्या. शिव्या नाहीत, दगड नाहीत. जनाबाई नावाच्या एक वयस्कर बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "तुमचा सामान तुमी न्या, साहेब. आमची जागा आमाला ऱ्हाऊ द्या."

फेब्रुवारी लागला होता. त्यांच्या मागे बांबूच्या मांडवांवर बोंबील सुकत होते. आमच्या नकाशात हीच जागा 'मोकळी जमीन' म्हणून दाखवली होती.

"इथं करनार काय तुमी?"

"ट्रान्स्फर स्टेशन. म्हणजे कचऱ्याचं..."

"कचरा? आमच्या म्हावऱ्याच्या शेजारी?"

"मावशी, सर्व्हे झाला तेव्हा इथे काहीच नव्हतं हो."

"कवा झाला तो सरवे?"

"जुलैत."

सगळ्या बायका खदखदून हसल्या. "पावसात कोन बोंबील सुकवतं रं, लेका?" जनाबाई म्हणाल्या. सर्व्हे मी केला नव्हता, पण जीपमध्ये मीच बसलो होतो. ड्रायव्हर तर त्यांच्याबरोबर हसतच होता.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली ही गोष्ट. नवं शहर आकार घेत होतं. आमच्या ऑफिसने प्लॉट पाडले, रस्ते केले, इमारती उभ्या राहिल्या, लोक राहायला आले. लोक आले की कचरा येतोच. तो सेक्टरच्या कोपऱ्यावर साचायचा आणि कोणीतरी पेटवून द्यायचं. धूर थेट लोकांच्या घरात. ट्रान्स्फर स्टेशन म्हणजे कचऱ्याचं जंक्शन. लहान गाड्या वस्तीतला कचरा तिथे आणतात. शेडमध्ये कागद, काच, पत्रा, प्लास्टिक वेगळं काढून भंगारात पुन्हा वापरायला देतात. उरलेला माल मोठ्या गाडीतून डंपिंग ग्राउंडला जातो. मोठ्या गाडीच्या खेपा कमी होतात आणि उपयोगाच्या वस्तू मातीत जात नाहीत.

ही योजना कागदावर मी आणली होती. जत तालुक्यातल्या शाळेत शिकलेला मी, आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. नोकरीतली ही माझी पहिली स्वतःची योजना. ती मंजूर झाली तेव्हा मी वडिलांना पत्र लिहून कळवलं होतं. कचऱ्याचं काम आहे एवढं मात्र पत्रात लिहिलं नव्हतं.

पैशाची व्यवस्था अशी होती की निम्मा वाटा सरकारचा आणि निम्मा आमच्या ऑफिसचा. सरकारचं अनुदान मार्चअखेर खर्च झालं नाही तर परत जातं. करावेची जागा तर गेली होती. शेडला जागा नाही म्हणजे काम सुरू नाही, आणि काम नाही म्हणजे खर्च नाही. दुसरी जागा शोधून ती ताब्यात मिळायला सहा महिने तरी लागणार.

आमचे कार्यकारी अभियंता म्हणाले, "सोडून दे. पैसे जातील परत. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी बघू म्हणजे काय, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. एकदा पैसे परत गेले की त्या योजनेकडे मंत्रालयात कोणी वळून बघत नाही.

तरी मी नियमाप्रमाणे फाइल लेखा विभागाकडे पाठवली. तिथे मुख्य लेखाधिकारी होते सामंतसाहेब. मूळचे मालवणचे. फाइल परत पाठवणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती. इंजिनियर लोक त्यांना चहा पिताना बघूनसुद्धा बिचकायचे. फाइल आली ती पेन्सिलने दोनच शब्द लिहून, "चर्चा करावी." मी घाबरतच गेलो.

"काय रे, जागा गेली?"

"हो साहेब."

"मग रडतोस कशाला? या योजनेत जागेशिवाय दुसरं काय काय आहे?"

"शेड, रॅम्प, कंटेनर आणि डंपर प्लेसर." डंपर प्लेसर म्हणजे भरलेला लोखंडी कंटेनर साखळ्यांनी उचलून स्वतःच्या पाठीवर घेणारी गाडी.

"यातलं जागेशिवाय काय घेता येतं?"

मी विचार केला. "गाड्या आणि कंटेनर."

"त्यांची किंमत एकूण खर्चाच्या किती?"

"जवळजवळ निम्मी, साहेब."

सामंतसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "मग प्रत्येक वस्तूत निम्मे त्यांचे आणि निम्मे आपले, असं कोणी सांगितलं? सरकारचा वाटा चाकांवर घाल. आपला वाटा जमिनीत जाऊ दे, त्याला मार्चची मुदत नाही. जमीन मिळेल तेव्हा मिळेल."

ज्या माणसाकडे नकार आणायला गेलो होतो, त्याने योजना उभी करून दिली होती. गाड्या सरकारी रेट कॉन्ट्रॅक्टवर मिळत होत्या. म्हणजे किंमत आधीच ठरलेली, टेंडर काढायची गरज नाही. अडचण एकच. खर्चाची अशी वाटणी करायला मंत्रालयाची परवानगी हवी होती.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन मंत्रालयात गेले. तिथले अवर सचिव त्यांच्या ओळखीचे निघाले, पण ओळखीने विरघळणारे नव्हते.

"सामंत, शेडचा पत्ता नाही आणि गाड्या घेता? उभ्या कुठे करणार?"

"आमच्या दारात."

"आणि शेड झालीच नाही तर?"

"तर गाड्या असतील. चालवा, मोजा, दुसऱ्या गावाला द्या. पण मार्चच्या घाईत कुठेतरी अर्धी भिंत बांधून ठेवली, तर ती कोणाला देणार?"

अवर सचिव हसले. "लिहून द्या."

सामंतसाहेब माझ्याकडे वळले. "बस त्या टेबलावर. तू लिही."

"साहेब, माझं इंग्रजी..."

"मराठीत लिही ना. तुझं मराठी साधं आहे. इथे वाचणाऱ्याला एका वाचनात कळलं पाहिजे."

मंत्रालयातल्या टेबलावर बसून मी दीड पानाचा प्रस्ताव लिहिला. त्यांनी त्यातला एक शब्द बदलला. 'विनंती' होती तिथे 'प्रस्तावित' केलं.

परवानगी आली. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गाड्या आल्या, बिलं चुकती झाली, अनुदान वाचलं. ऑफिसात थट्टा सुरू झाली ती वेगळीच. "काय हो, स्टेशन नाही आणि गाडी आली?" मी हसून घ्यायचो, पण आतून धास्ती होतीच. जागेची फाइल भूखंड विभागात पडून होती. विभागाचे प्रमुख राणेसाहेब. त्यांना भेटलो की ते म्हणायचे, "प्रोसेसमध्ये आहे."

एप्रिलपासून गाड्या सेक्टरमधला कचरा उचलून थेट डंपिंगला नेऊ लागल्या. खेपा संपल्या की दुपारपासून त्या ऑफिसच्या आवारात उभ्या राहायच्या. कुठे उभ्या करायच्या ते सामंतसाहेबांनी स्वतः जाऊन दाखवलं होतं. गाड्या रोज धुतल्या जायच्या, पण मे महिन्याच्या उन्हात कंटेनर तापला की जो वास यायचा तो यायचाच.

एका दुपारी राणेसाहेब तडक लेखा विभागात आले. मी तिथेच होतो.

"सामंत, त्या गाड्या हलवा आधी! माझ्या खिडकीखाली उभ्या आहेत. डबा खाववत नाही."

"हलवतो की. कुठे हलवू तेवढं सांगा."

राणेसाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "चल वर. तुझी ती फाइल काढतो."

औद्योगिक पट्ट्याच्या कडेला, नाल्यापलीकडे जागा मिळाली. ती कोणाच्या वापरात आहे का, हे या वेळी आजूबाजूच्या लोकांना बरोबर नेऊन विचारलं. दिवाळीनंतर शेड उभी राहिली. आमच्या वाट्याच्या पैशातूनच.

शेड सुरू झाल्यावर मी सामंतसाहेबांना विचारलं, "साहेब, एवढं मोठं आवार. गाड्या राणेसाहेबांच्या खिडकीखालीच का?"

"सावली तिथेच होती," ते म्हणाले आणि पुढची फाइल ओढली.

नंतर निवृत्त होईपर्यंत मी बऱ्याच योजना आखल्या. बहुतेकांना पैसे मिळाले, सगळ्यांना जागा मिळाली नाही. पण योजना मांडताना मी आधी एवढंच बघायचो की यातली कुठली वस्तू सगळ्यात लवकर येऊन कोणाच्या तरी वाटेत उभी राहील. कागदावरच्या शेडला जागा द्यायची घाई कोणालाच नसते.